पहाट हे दम्यावरचे औषध नव्हे

बेळगाव शहराच्या उत्तर अंगास लागून कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही दोन गावे वसली आहेत. शेजारून मार्कंडेय नदी वाहते, भोवती भाताची व भाजीपाल्याची शेते आहेत आणि गावातील तरुण सकाळी कामधंद्यासाठी शहराकडे जातात. अशा गावातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मार्गशीर्षातील थंडी आहे. रात्रीचे दोन वाजून गेले आहेत. घरातील कर्ता पुरुष अंथरुणावर उठून बसला आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे उचलून तो श्वास ओढतो आहे. छातीतून सूं सूं असा बारीक आवाज येतो आहे. बायको पाठ चोळते आहे, मुले वाकळेतून डोकावून पाहात आहेत, आणि वृद्ध आई धीर देते आहे, "उजाडू दे बाळा, उतरतंय बघ."

आणि बहुधा तसेच घडते. चार-साडेचारची वेळ कशीबशी निघून जाते, कोंबडा आरवतो, कफाचा एखादा चिकट खडा सुटतो आणि उन्हे अंगणात येईतो धाप पुष्कळशी बसलेली असते. माणूस कामाला जातो. रात्रीची गोष्ट रात्रीबरोबर संपली असे घर समजते. कन्नड बोलणाऱ्या शेजारघरी या रोगाला उब्बस म्हणतात, मराठी घरात दमा म्हणतात. परंतु पहाटेवरील हा विश्वास दोन्ही घरांत सारखाच असतो. या विश्वासात एक अर्धसत्य दडलेले आहे आणि ते अर्धसत्य कित्येकदा जीवघेणे ठरते.

दमा म्हणजे केवळ धाप नव्हे. श्वासनलिकेच्या लहान लहान शाखांना आतून आलेली जुनाट सूज हे त्याचे मूळ होय. ही सूज दिवसा रोगी हसत-बोलत असतानाही आत असतेच. अशा सुजलेल्या नळ्या चिडखोर बनतात. धूर, धूळ, थंड हवा, सर्दी, परागकण असे काहीही निमित्त मिळाले की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर अधिकच फुगते आणि चिकट कफ भरतो. वाट अरुंद झाली की हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे जड जाते. म्हणूनच दमेकऱ्याचा उच्छ्वास लांबतो व त्यातून शिट्टीसारखा आवाज निघतो.

मग हा त्रास रात्रीच का वाढतो? हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमक श्वासाचे जे वर्णन आहे, ते वाचताना आजच्या दमेकऱ्याचेच चित्र उभे राहते. आडवे झाले की गुदमरणारा, बसले की थोडे सुख पावणारा, ढगाळ हवा, पाऊस व थंडी यांनी पीडा वाढणारा आणि उष्ण पदार्थांची इच्छा धरणारा असा हा रोगी आहे. इंग्लंडमध्ये सर जॉन फ्लॉयर या वैद्याने १६९८ साली दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो स्वतः अनेक वर्षांचा दमेकरी होता आणि झोपेतून मध्यरात्रीनंतर जागे करणारा हा झटका त्याने अनुभवाने नोंदविला आहे. प्राचीनांचे निरीक्षण अचूक होते; कारण मात्र अलीकडच्या काळात उलगडले.

मनुष्याच्या शरीरात एक घड्याळ आहे. ते भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दिसत नाही. पण चोवीस तासांच्या ठेक्यात ते सर्व इंद्रियांना चालविते. सूज आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात अत्यंत कमी होते. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे ॲड्रिनॅलिन पहाटे चारच्या सुमारास सर्वांत खाली येते. उलट, नळ्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर रात्री वाढतो. परिणामी सर्वच माणसांच्या श्वासनलिका पहाटे किंचित अरुंद होतात. निरोगी माणसात हा दिवस-रात्रीचा फरक सरासरीने ८ टक्क्यांच्या आसपास असतो व तो जाणवतही नाही. परंतु १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दमेकऱ्यांमध्ये हाच फरक सरासरीने ५० टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे संध्याकाळी पुरेशी वाटणारी वाट पहाटे निम्मी होऊ शकते.

हे केवळ झोपेमुळे वा अंथरुणामुळे होते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १७ दमेकऱ्यांना उजेड, झोप, जेवण व हालचाल यांचा नेहमीचा क्रम मोडून प्रयोगशाळेत ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. माणूस जागा असो वा निजलेला असो, शरीराच्या रात्रीच्या प्रहरी फुप्फुसांची शक्ती घटतेच, असे त्यातून दिसले. तेव्हा रात्रीची धाप हा मनाचा खेळ नव्हे, की अंथरुणाचा दोष तेवढाच नव्हे. तिचा एक काटा शरीरातच फिरत असतो.

येथेच पहाटेचे कोडे सुटते. उजाडता उजाडता तोच काटा पुढे सरकतो, कॉर्टिसॉल वाढू लागते, नळ्या सैलावतात आणि धाप उतरते. पहाटेने रोग बरा केलेला नसतो. शरीराने आपली वेळ बदललेली असते. सूज जिथल्या तिथे राहते आणि पुढच्या रात्री पुन्हा दार ठोठावते. जी आई उजाडण्याची वाट पाहायला सांगते, ती खोटे बोलत नाही. परंतु नव्व्याण्णव वेळा उजाडल्यावर उतरलेली धाप शंभराव्या वेळी उजाडेपर्यंत थांबेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. दम्याचे अनेक मृत्यू रात्री व पहाटे होतात, ही गोष्ट वैद्यकास पूर्वीपासून ठाऊक आहे. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी होते. जगातील दमेकऱ्यांपैकी हा वाटा सुमारे १३ टक्के होतो. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतातील होते. रोग फार आहे म्हणून नव्हे, तर योग्य उपचार वेळेवर व नियमित पोचत नाहीत म्हणून ही तफावत पडते.

शरीराच्या घड्याळाला बाहेरून साथ देणारी कारणेही आहेत, आणि ती घराघरांत आहेत. बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पावसाळा लांब आणि ओलसर, हिवाळ्याच्या रात्री गार. अशा ओलाव्यात भिंतींना बुरशी धरते आणि अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वाढतात. हे किडे दम्याचे मोठे कारण आहेत, हे हॉलंडमधील संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. जुनी वाकळ, कापसाची गादी, वर्षानुवर्षे न धुतलेली उशी यांत त्यांची वस्ती असते आणि माणूस आठ तास नाक त्यांतच खुपसून निजतो. सुगीच्या दिवसांत मळणीची धूळ, भाताची तुसे व साठविलेले पिंजर यांची त्यात भर पडते.

दुसरे कारण धूर होय. चुलीचा धूर वरवर विरून गेला तरी झोपायच्या खोलीत रेंगाळतो. बिडी-सिगारेट ओढणारा स्वतः दमेकरी नसला तरी त्याच्या मुलाचा दमा तो वाढवीत असतो. परंतु रात्रीच्या धुरापैकी सर्वांत दुर्लक्षिलेला धूर म्हणजे डासांच्या अगरबत्तीचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक संपूर्ण अगरबत्ती जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरतात, असे आढळले. दारे-खिडक्या लावून, मुलाच्या उशाशी ती पेटवून ठेवणे म्हणजे त्याला रात्रभर धुरात निजविणेच होय. डासांसाठी मच्छरदाणी हा उपाय जुना आहे आणि दमेकऱ्याच्या घरी तोच शहाणपणाचा आहे.

तिसरे कारण कामाचे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या धंद्यात हजारो स्त्रियांनी आयुष्ये घालविली आहेत. तंबाखू चाळताना, कुटताना उडणारी धूळ श्वसनमार्गास चुरचुरते. पिठाची गिरणी, कोंबड्यांचे खुराडे, ओतकामाचा कारखाना येथेही हाच प्रकार घडतो. अशा धंद्यातील धाप पुष्कळदा कामावर असताना न येता काही तासांनी, संध्याकाळी वा रात्री येते, त्यामुळे कारण व परिणाम यांची गाठ कोणी घालीत नाही. सुटीच्या दिवशी अथवा माहेरी चार दिवस राहिल्यावर बरे वाटते काय, हा एकच प्रश्न अशा रोग्याला विचारावा. उत्तर होय असे आले, तर ते डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे.

याखेरीज उशिरा व भरपेट जेवून लगेच आडवे झाल्याने घशाशी येणारे आंबट, नाकातून घशात उतरणारा शेंब आणि पहाटेची थंड हवा यांमुळेही नळ्या चिडतात. निजण्यापूर्वी दोन-तीन तास जेवण आटोपणे, डोक्याकडील बाजू थोडी उंच करणे, नाकाच्या सर्दीवर उपचार करणे यांनी अशा रोग्यांस हलके वाटते. अंथरुणे दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावीत; ६० अंश उष्णतेस हे किडे मरतात. जी धुता येत नाहीत ती कडक उन्हात टाकावीत. झाडताना दमेकऱ्याने तेथे उभे राहू नये. हे सर्व करावे; मात्र एवढ्याने भागेल असे समजू नये. आतली सूज केवळ स्वच्छतेने जात नाही.

रात्री धापेने जाग येणे ही सवयीने सोसावयाची गोष्ट नसून, दमा काबूत नाही असे सांगणारी खूण आहे, हे ध्यानात घेणे सर्वांत अगत्याचे. ब्रिटनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७,७२९ दमेकऱ्यांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांतील ७४ टक्के आठवड्यातून निदान एकदा आणि ६४ टक्के निदान तीनदा धापेने जागे होत होते. यांतील पुष्कळांना आपला दमा सौम्य आहे असेच वाटत होते. रोग्याने गेल्या चार आठवड्यांविषयी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनदांहून अधिक त्रास झाला काय? रात्री एकदाही धापेने वा खोकल्याने जाग आली काय? तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक लागला काय? दम्यामुळे एखादे काम सोडावे लागले काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर उपचार अपुरा आहे अथवा नीट घेतला जात नाही, असे समजून डॉक्टरांकडे जावे.

येथे दोन औषधांतील भेद समजणे आवश्यक आहे. एक औषध आवळलेले स्नायू सैल करते. सॅल्ब्युटामॉल हे त्यांतील सर्वपरिचित असून १९६९ पासून ते वापरात आहे. त्याने पाच-दहा मिनिटांत मोकळे वाटते, पण सुजेवर त्याचा परिणाम होत नाही. दुसरे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड. १९७२ साली आलेल्या बेक्लोमेथासोनपासून या उपचाराचे युग सुरू झाले. त्याने लगेच काही जाणवत नाही. ते रोज घेतले तर काही दिवसांत सूज उतरते आणि रात्री शांत होतात. रोगी साहजिकच पहिल्यावर प्रेम करतो आणि दुसऱ्याला कंटाळतो. नेमके याच्या उलट व्हावयास हवे. केवळ पहिल्या प्रकारच्या औषधावर दमेकऱ्याने विसंबू नये, असे दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्टपणे सांगितले जात आहे.

पंपाविषयी समाजात गैरसमज पुष्कळ आहेत. एकदा पंप लागला की सुटत नाही, तो शेवटचा उपाय होय, मुलीच्या हाती पंप दिसला तर लग्न जमणार नाही, असे बोलले जाते. वस्तुतः पंपातील औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि ते नेमके जेथे हवे तेथेच जाते. गोळीवाटे तेच काम करावयाचे तर सर्व शरीरास कितीतरी पट अधिक औषध पाजावे लागते. पंपाला भिणारी माणसे नाव-गाव नसलेल्या पुड्या मात्र निर्धास्त घेतात. अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेले असते, आणि तेही किती याचा हिशोब नसतो.

कोजागरीच्या चांदण्यात दुधातून वा खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मृग नक्षत्राच्या आरंभी हैदराबादेस जिवंत मासळीबरोबर दिले जाणारे औषध घेण्यासाठीही दूरदूरचे रोगी जातात. त्यामागील श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. गुदमरलेला माणूस आशेच्या मागे जाणारच. परंतु दम्याचा स्वभावच चढउताराचा आहे. अगदी वाईट दिवसांनंतर बरे दिवस आपोआप येतात आणि मधल्या काळात जे केले असेल त्याला श्रेय मिळते. पहाटेला जसे न केलेल्या कामाचे श्रेय मिळते, तसेच हे होय. या औषधांनी दमा मुळापासून जातो असा शास्त्रीय पुरावा नाही. त्यांच्या भरवशावर रोजचे औषध थांबविणे हा खरा धोका आहे.

पंप घेण्याचीही एक रीत आहे, आणि पुष्कळ औषध ती चुकल्यामुळे घशातच राहते. पंप हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी, दाबतानाच सावकाश खोल श्वास आत घ्यावा आणि सुमारे दहा सेकंद रोखून धरावा. स्टेरॉइड घेतल्यानंतर चूळ भरावी. मुलांनी व वृद्धांनी पंपास स्पेसर, म्हणजे औषध साठविणारी पोकळ नळी, जोडावी. ती विकत घेणे परवडत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीस पंपाचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला.

आता त्या रात्रीकडे पुन्हा वळावे. झटका आला तर रोग्यास आडवे करू नये. त्याला ताठ बसवावे, पुढे किंचित झुकू द्यावे, कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. डॉक्टरांनी जो क्रम लिहून दिला असेल तो पाळावा. तसा क्रम नसेल तर आरामाच्या पंपाचा एक एक झोत, मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबून, शक्यतो स्पेसरमधून, एकूण दहापर्यंत द्यावा. तरीही आराम पडत नसेल, तर पहाटेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईतो पंप चालू ठेवावा. कंग्राळीपासून बेळगावचे जिल्हा रुग्णालय दूर नाही. दूर असतो तो निर्णय.

हा निर्णय कोणत्या खुणांवरून घ्यावा? एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल. ओठ वा नखे निळसर दिसत असतील. बरगड्यांमधील व गळ्यापाशी कातडी आत ओढली जात असेल. मूल पिईनासे वा बोलेनासे झाले असेल. रोगी गोंधळला वा पेंगू लागला असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. यांत एक खूण विशेष फसवी आहे. छातीतील सूं सूं आवाज एकाएकी थांबतो, रोगी शांत पडतो आणि घराला वाटते, उतरली धाप. परंतु चेहरा थकलेला, श्वास उथळ आणि बोलणे बंद असेल, तर तो आराम नव्हे. हवा जाण्यापुरतीही वाट उरलेली नाही, असा त्याचा अर्थ असतो.

प्रत्येक रात्रीची धाप दम्याचीच असते असेही नाही. वयस्क माणसास आडवे झाल्यावर धाप लागून पायांवर सूज येत असेल तर हृदय तपासावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासावी. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या वा विडी ओढलेल्या माणसाचा विकार निराळा असू शकतो. म्हणून निदान घरी करू नये. डॉक्टरांकडे जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन आठवडे एका वहीत किती वाजता जाग आली, किती झोत लागले, त्या दिवशी काय काम केले, हे लिहून न्यावे. पीक फ्लो मीटर हे फुंकरीचा जोर मोजणारे लहानसे साधन मिळाल्यास सकाळ-संध्याकाळचे आकडेही मांडावेत. धाप दिवसा दिसत नाही म्हणून डॉक्टरांना ती कळत नाही. वही मात्र रात्रीची साक्ष देते.

आणि डॉक्टरांकडून परत येताना एक कागद मागून आणावा. रोज काय घ्यावयाचे, त्रास वाढला तर काय वाढवावयाचे आणि केव्हा रुग्णालय गाठावयाचे, एवढे त्यावर असले म्हणजे पुरे. या सीमाभागात औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडात आणि घरातील बोलणे मराठीत, असा नित्याचा प्रकार आहे. तो कागद मात्र रात्री दोन वाजता उशाशी जागी असणारी व्यक्ती जी भाषा वाचते, त्याच भाषेत असावा. आई वाचू शकत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीने तो आजीला दोनदा वाचून दाखवावा. मग पुढच्या थंडीत कर्त्या पुरुषाला धाप लागली, तर तीच आजी उजाडण्याची वाट पाहायला न सांगता म्हणेल, "कागद काढ बाळा, पंप कुठं हाय बघ." आणि रोजचे औषध नियमाने घेतले गेले असेल, तर बहुतेक रात्री तिला काहीच म्हणावे लागणार नाही. घर निजलेले असेल आणि पहाट नेहमीसारखी येईल.